घशातील दोन वाटा: नाकातून अन्न देणाऱ्या नळीचा इतिहास

१/ १३ सप्टेंबर १९२९, लाहोर. उपोषणाच्या ६३ व्या दिवशी क्रांतिकारक जतींद्रनाथ दास यांनी तुरुंगात देह ठेवला. वय अवघे २४. त्यांच्या मृत्यूचे कारण पाठ्यपुस्तकांत बहुधा एकाच शब्दात येते: उपोषण. पण त्या ६३ दिवसांत २६ जुलै हा एक दिवस आहे, आणि त्या दिवसाच्या हकिगतीत एक रबरी नळी आहे. दास यांच्या मृत्यूची कथा त्या नळीवाचून पुरी होत नाही.

#धागा #इतिहास

२/ तशीच नळी आज प्रत्येक अतिदक्षता विभागात दिसते. रुग्णाच्या नाकाला चिकटपट्टीने लावलेली, बारीक, थेट जठरापर्यंत गेलेली. महाराष्ट्रातील रुग्णालयांत तिला 'राईल्स ट्यूब' म्हणतात, आणि तिच्यातून दिलेल्या अन्नाला 'आरटी फीड'. या नळीने असंख्य माणसे जगवली आहेत आणि काही मारलीही आहेत. हा फरक कशामुळे पडतो, हे तिच्या चार शतकांच्या इतिहासातून स्पष्ट होते.

३/ आधी थोडी शरीररचना. घशात दोन वाटा शेजारी शेजारी आहेत: पुढे श्वासनळी, मागे अन्ननळी. घास गिळताना एक लहानशी झडप श्वासनळीचे तोंड झाकते. चुकून थेंब आत गेलाच, तर जोराचा ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. बेशुद्ध, पक्षाघाताच्या किंवा अत्यंत अशक्त रुग्णाला हा ठसका येत नाही. नळी चुकीच्या वाटेला गेली तरी तो काही सांगू शकत नाही. मग जठरासाठी ओतलेले दूध फुप्फुसात उतरते. पुढचा सारा इतिहास या दोन वाटांमधील बोटभर अंतराचा आहे.

४/ इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १६१७ मध्ये धनुर्वाताच्या रुग्णांसाठी नाकातून घालण्याची चांदीची नळी वापरल्याचे नमूद आहे. धनुर्वातात जबडा मिटतो, म्हणून नाकाची वाट. पण धातूची ताठ नळी नाजूक घशातून न्यायची म्हणजे इजा ठरलेलीच. अन्न कोणते द्यावे, यापेक्षा ते कशातून न्यावे हाच पुढची पावणेदोनशे वर्षे अडचणीचा प्रश्न राहिला.

५/ १७९० मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांच्यापुढे पन्नाशीचा एक रुग्ण आला. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले. हंटर यांनी देवमाशाच्या हाडाच्या लवचिक काडीवर ईल माशाची कातडी चढवून नळी केली. तिच्यातून पाण्यात फेटलेली अंडी, साखर, दूध, वाइन असे पदार्थ आणि औषधे दिली. काही आठवड्यांत स्नायूंत बळ आले आणि रुग्ण पुन्हा तोंडाने खाऊ लागला. १७९३ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध झाली. नळी हा तात्पुरता पूल आहे, रुग्ण स्वतः खाऊ लागेपर्यंतचा, ही कल्पना तेथे स्पष्ट दिसते.

६/ तरीही नळीची भीती इतकी होती की वैद्य दुसरा मार्ग पत्करीत. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ऑगस्टमध्ये त्यांच्या पोटात अन्न टिकेना, तेव्हा डॉक्टरांनी गुदमार्गाने मांसाचा अर्क व मद्य देण्यास सुरुवात केली. मोठे आतडे पाणी शोषते. अशा अन्नातून पोषण मात्र फारसे घेऊ शकत नाही. धिप्पाड राष्ट्राध्यक्ष डोळ्यांदेखत सुकत गेले. १९ सप्टेंबरला मृत्यू आला तो प्रामुख्याने जंतुसंसर्गाने. पण त्या देहाची झीज तत्कालीन पोषणज्ञानाची मर्यादाही दाखवते.

७/ या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले एका परिचारिकेने. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांनी उभारलेल्या पहिल्या गोष्टींत आजाऱ्यांच्या पथ्याचा स्वतंत्र मुदपाकखाना होता. १८५५ मध्ये लंडनचे विख्यात आचारी अलेक्सी सोये तेथे आले आणि त्यांनी लष्करी रुग्णालयांची स्वयंपाकव्यवस्थाच नव्याने बसवली.

८/ १८५९ अखेर छापलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात नाइटिंगेल यांनी अन्नावर दोन प्रकरणे खर्ची घातली. भरल्या घरात, केवळ दुर्लक्षामुळे, दर वर्षी हजारो रुग्ण उपाशी मरतात, असा त्यांचा आरोप होता. अशक्त रुग्णाला एकदम वाटीभर देण्यापेक्षा ठरल्या वेळी चमचा-चमचा द्यावे. न खाल्लेले ताट उशाशी ठेवू नये. त्याने काय व किती खाल्ले हे परिचारिकेला ठाऊक असावे. अन्न देणे हे निरीक्षणाचे काम आहे, असा या सूचनांचा गाभा होता.

९/ पन्नास वर्षांनी त्याच इंग्लंडमध्ये निरीक्षण बाजूला पडले आणि बळ पुढे आले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मॅरियन वॉलेस डनलप यांनी जुलै १९०९ मध्ये तुरुंगात उपोषण केले व त्यांची सुटका झाली. इतर बंदिनींनी तोच मार्ग धरताच सरकारने सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात बळजबरीने अन्न देण्यास प्रारंभ केला. तुरुंगातील स्त्री-पहारेकरी हातपाय दाबून धरीत आणि डॉक्टर नाकातून वा तोंडातून नळी घालीत. सरकार याला उपचार म्हणत होते.

१०/ फेब्रुवारी १९१३ मध्ये हॉलोवे तुरुंगात लिलियन लेंटन यांच्या फुप्फुसात अन्न गेले. प्रकृती इतकी ढासळली की त्यांना घाईने सोडावे लागले. गदारोळ झाला आणि दोन महिन्यांत नवा कायदा आला: उपोषणाने खंगलेल्या बंदिनीला सोडायचे, बरी झाली की पुन्हा पकडायचे. लोकांनी त्याला 'मांजर-उंदीर कायदा' असे नाव दिले. सप्टेंबर १९१७ मध्ये डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात आयरिश नेते थॉमस अॅश यांना असेच अन्न दिले गेले. त्यानंतर लवकरच त्यांचा मृत्यू झाला. धडपडणाऱ्या माणसाच्या घशात नळी कोणत्या वाटेला जाईल याची खात्री नसते, हे १९२९ च्या बारा वर्षे आधीच जगजाहीर होते.

११/ दरम्यान नळी सुधारली. १९२१ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन राईल यांनी जठररसाचे नमुने काढण्यासाठी बारीक, मऊ रबरी नळी सिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये अब्राहम लेविन यांनीही आपली नळी मांडली. राईल यांचा हेतू जठरातून बाहेर काढण्याचा होता, आत घालण्याचा नव्हे. पण ब्रिटिश वैद्यकाबरोबर ती नळी हिंदुस्थानात आली आणि येथील प्रत्येक वॉर्डात त्यांचे नाव कायमचे राहिले. हेच राईल पुढे १९४३ मध्ये ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक झाले.

१२/ आता पुन्हा लाहोर. राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी जून १९२९ मध्ये उपोषण आरंभले. १३ जुलैला जतींद्रनाथ व इतर सहकारी त्यात सामील झाले. २६ जुलैला जतींद्रनाथांना दाबून धरून नळी घालण्यात आली. त्यांनी निकराने प्रतिकार केला. नळी श्वासमार्गात गेली आणि दूध फुप्फुसात उतरले. त्या दिवसापासून त्यांची प्रकृती सावरली नाही. त्यांचे शव आगगाडीने कलकत्त्याला नेले, तेव्हा वाटेतील स्थानकांवर आणि अंत्ययात्रेत अलोट जनसमुदाय लोटला.

१३/ चार वर्षांनी अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये तेच घडले. मे १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न दिल्यानंतर महावीर सिंह, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मोइत्रा या तिघांचा मृत्यू झाला. महावीर सिंह हे लाहोर खटल्यातीलच बंदी होते. शुद्धीवर असलेल्या, विचारपूर्वक नकार देणाऱ्या बंद्याला डॉक्टरांनी कृत्रिम मार्गाने अन्न देऊ नये, असे जागतिक वैद्यक संघटनेने टोकियो जाहीरनाम्यात सांगितले ते १९७५ साली.

१४/ नळीचा आणखी एक धडा जर्मनीत मिळाला. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने बर्गन-बेल्सन छळछावणी मुक्त केली. हजारो माणसे अस्थिपंजर झालेली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॅनेट व्हॉन यांचे पथक आधीच पचवलेल्या प्रथिनांचा द्रव घेऊन तेथे गेले. तो नळीने किंवा शिरेतून द्यायचा होता. पण नाझी डॉक्टरांच्या सुया पाहिलेल्या त्या माणसांना अशा साधनांचे दर्शनच असह्य होते. ती भयाने किंचाळू लागली. तोंडाने द्यावा, तर त्या द्रवाची चव कोणाला सोसवेना.

१५/ १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये वापरलेले 'बंगाल फॅमिन मिक्श्चर' हे खाद्यही बेल्सनमध्ये आणले गेले. पण त्याची गोडी त्या युरोपीय रुग्णांना रुचेना. अखेर उपयोगी पडले ते साधे दूध, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, कोणीतरी शेजारी बसून पाजलेले. ते काम लष्करी परिचारिका, रेड क्रॉसचे स्वयंसेवक आणि लंडनहून गेलेले सुमारे शंभर वैद्यकीय विद्यार्थी करीत होते. रुग्णाचा विश्वास नसेल तर शास्त्रशुद्ध अन्नही निरुपयोगी ठरते, हे तेथे दिसून आले.

१६/ आजचा अतिदक्षता विभाग जन्मला तो कोपनहेगनमध्ये. १९५२ च्या उन्हाळ्यात पोलिओची भयंकर साथ आली. ज्या प्रकारात गिळण्याचे व श्वसनाचे स्नायू लुळे पडत, त्यात लाळसुद्धा श्वासनळीत उतरे. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. २७ ऑगस्टला भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांना असा श्वास पुरवला.

१७/ त्या नळीभोवती फुगणारी रबरी कड होती. ती श्वासाची वाट अन्नाच्या वाटेपासून वेगळी ठेवी. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच कोम्युने रुग्णालयात जगातील पहिला अतिदक्षता विभाग उभारला. श्वास यंत्राने घेणारा माणूस आता दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे जगू लागला. पण तो खाऊ शकत नव्हता. म्हणून श्वासाच्या नळीशेजारी अन्नाची नळी आली, आणि तिची चोवीस तासांची जबाबदारी रुग्णाजवळ चोवीस तास असणाऱ्या एकमेव व्यक्तीवर आली: परिचारिकेवर.

१८/ तरीही उपासमार संपली नाही. १९७४ मध्ये अमेरिकी वैद्य चार्ल्स बटरवर्थ यांनी 'द स्केलेटन इन द हॉस्पिटल क्लोजेट' या लेखात दाखवले की आधुनिक रुग्णालयांतच रुग्ण कुपोषित होत आहेत. वजन नोंदले जात नाही. तपासण्यांसाठी जेवणे चुकतात. अन्नाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरलेले नसते. नाइटिंगेल यांचा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आरोप, आता प्रयोगशाळेतील आकड्यांसह पुन्हा उभा राहिला.

१९/ नळी योग्य वाटेला गेली हे ओळखायचे कसे? कित्येक दशके एकच रीत होती: नळीत हवा मारायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायचा. पण नळी फुप्फुसात असली तरीही तसाच आवाज ऐकू येऊ शकतो. अनेक मृत्यूंनंतर ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्ये या रीतीवर विसंबू नये असे बजावले. त्याऐवजी नळीतून ओढलेल्या द्रवाचा सामू, म्हणजे पीएच, ५.५ किंवा त्याहून कमी आहे का ते पाहावे, नाहीतर क्ष-किरण काढावा. नाकाचे टोक, कानाची पाळी, छातीच्या हाडाचे खालचे टोक असे अंतर मोजून नळीवर खूण करणे आणि ती खूण हलली नाही ना हे तपासत राहणे, हे परिचारिकेचे काम ठरले.

२०/ नळी योग्य जागी असली तरी जठरातील अन्न उलटून घशात येऊ शकते. १९९९ मध्ये बार्सिलोनातील एका अभ्यासात कृत्रिम श्वासावरील ८६ रुग्णांपैकी काहींना उताणे झोपवले, तर काहींची पाठ ४५ अंश उचलून ठेवली. उताण्या ४७ रुग्णांपैकी १६ जणांत न्यूमोनियाची लक्षणे दिसली. पाठ उचललेल्या ३९ पैकी अवघ्या ३ जणांत. औषध नाही, महागडे यंत्र नाही. खाटेची कळ फिरवून उशाकडची बाजू वर ठेवायची, इतकेच. आज कित्येक विभागांत ही नोंद प्रत्येक पाळीच्या कागदावर असते.

२१/ जुन्या सवयीही तपासल्या गेल्या. दर काही तासांनी जठरातील उरलेले अन्न ओढून मोजायचे आणि ते जास्त भरले की फीड थांबवायचे, अशी प्रथा होती. २०१३ मध्ये फ्रान्समधील ९ विभागांतील ४४९ रुग्णांच्या अभ्यासात असे मोजमाप न केल्याने न्यूमोनिया वाढला नाही. उलट अधिक रुग्णांना ठरलेले पोषण मिळाले. कॅनडात डॅरेन हेलँड यांच्या गटाने हिशेब तासाऐवजी दिवसाचा केला: तपासणीसाठी फीड थांबले, तर उरलेल्या तासांत वेग वाढवून तूट भरून काढण्याचा अधिकार परिचारिकेला. बटरवर्थ यांनी विचारलेल्या 'जबाबदारी कोणाची' या प्रश्नाला मिळालेले हे एक उत्तर होते.

२२/ या इतिहासातील एक प्रदीर्घ अध्याय मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात लिहिला गेला. तेथील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधी पूर्ण भानावर आल्या नाहीत. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना मऊ केलेले अन्न तोंडाने भरवणे चालूच राहिले. सप्टेंबर २०१० मध्ये मलेरियाच्या तापानंतर खाणे घटले, तेव्हा राईल्स ट्यूब घालावी लागली. ३७ वर्षांनंतरही त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

२३/ त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी विनंती करणारी याचिका पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. अशा जगण्यातून सुटका व्हावी हा तिचा हेतू. केईएमच्या कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली; त्याच निकालात मात्र कठोर अटींखाली निष्क्रिय इच्छामरणाचा मार्ग खुला झाला. नळीतून जाणारे अन्न हे अन्न आहे की उपचार, आणि ते थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न त्या खटल्याने देशापुढे ठेवले. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचे न्यूमोनियाने निधन झाले. परिचारिकांनी त्यांना आपल्यातील एक म्हणून निरोप दिला.

२४/ लाहोरचा तुरुंग आणि परळचा वॉर्ड यांत नळीच्या कामात फारसा फरक नव्हता: रबराची वा प्लास्टिकची, नाकातून जठरापर्यंत. लाहोरला ती घालणाऱ्यांना समोरच्या माणसाचा नकार मोडायचा होता. त्याचा श्वास कोणत्या वाटेने चालला आहे हे पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही. अतिदक्षता विभागातील परिचारिका रात्री तीन वाजता नळीवरची खूण पाहते, द्रवाचा थेंब कागदावर टेकवते, खाटेचा कोन तपासते, आणि मगच दूध सोडते. ती करीत असलेल्या प्रत्येक तपासणीमागे चुकलेल्या नळीने गेलेली माणसे आहेत. त्यांतील एक नाव जतींद्रनाथ दास.

#धागा_समाप्त